गाडी कुठवर आली?

आपल्याकडे पत्राचा पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होतो. यातला मुक्काम अरबी भाषेतून आला, पोस्ट इंग्रजीतून आले, आणि त्यापुढे लिहायचे गाव मात्र आपले असते. मुक्काम पोस्ट खडकवासला, मुक्काम पोस्ट डोणजे. हा पत्ता थांबलेल्या माणसाचा आहे. वाटेवर असलेल्या माणसाला पत्ता नसतो. म्हणून घरच्यांनी, मालकांनी आणि राज्यकर्त्यांनी शतकानुशतके एकच प्रश्न विचारला आहे : तो कुठवर आला? पूर्वी हरकारा आणि जासूद याच प्रश्नाचे उत्तर आणायला धावत. आज हातातला फोन ते उत्तर देतो. गाडीत काड्यापेटीएवढे यंत्र बसवले की ती या क्षणी कोणत्या वळणावर आहे ते नकाशावर दिसते. मालवाहू ट्रक, शाळेची बस, ऑफिसची कॅब आणि घरची मोटार, सगळ्यांना आता चालता पत्ता मिळाला आहे. तो कसा मिळाला आणि कोणाच्या हाती असावा, याविषयी आज बोलायचे आहे.

सुरुवात एसटीपासून करू. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एसटी गेली. गाडी कुठे आहे हे कळण्याची तेव्हाची पद्धत म्हणजे स्टँडवरची खिडकी. कंडक्टर कागद घेऊन खाली उतरे, वाहतूक नियंत्रक गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ टिपून घेई, आणि गाडी पुढे जाई. दोन स्टँडांच्या मध्ये ती कुठे आहे, हे देवाला आणि ड्रायव्हरला ठाऊक. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी पोस्टकार्ड होते. ‘सुखरूप पोहोचलो, काळजी नसावी’ एवढाच मजकूर, आणि तोही माणूस पोहोचल्यानंतर चार दिवसांनी येई.

मालाच्या गाड्यांचेही तसेच. आमच्या मामूंचा एकच ट्रक होता. पुण्याच्या मार्केट यार्डातून माल भरून तो इंदूरकडे जाई. ड्रायव्हर वयाने मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. वाटेतल्या ढाब्यावरून अण्णांचा फोन आला की मामू विचारत, “अण्णा, कुठवर आलात?”

“बिजासन घाट चढलो, मालक. टायर बसला होता, म्हणून उशीर.”

“जेवलात का?”

“आत्ताच.”

एवढ्यावर काम भागे. टायर खरोखर बसला होता का, हे तपासायला मार्ग नव्हता. एक पुरावा असे तो जकात नाक्याच्या पावतीचा. तिच्यावर तारीख असे, आणि त्यावरून गाडी कोणत्या दिवशी कोणत्या शहरात शिरली ते कळे. पुणे महापालिकेची जकात २०१३ साली गेली, तेव्हा पावतीही गेली. पण ही जुनी रीत नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. आपण कुठे आहोत हे तेव्हा चालणारा माणूस स्वतः सांगत होता. खरे सांगे, खोटे सांगे, पण सांगे तोच.

या प्रश्नाचे उत्तर उशिरा मिळाले तर काय होते, हे खडकवासल्याला कोणी शिकवायला नको. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आले, आणि एकोणिसाव्या शतकातले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. त्या दिवशी पुण्यात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता : पाणी कुठवर आले? नारायण पेठेत आले का, कसब्यात शिरले का, लकडी पूल बुडाला का? निरोप माणसांच्या पायांनी जात होता आणि पाणी माणसांपेक्षा वेगाने येत होते. ज्यांना वेळेवर कळले ते वाचले. सरकत्या धोक्याची जागा ठाऊक असणे म्हणजे प्राण वाचणे, हा धडा या शहराने फार मोठी किंमत देऊन घेतला.

जागा शोधण्याची विद्या या परिसराच्या मातीतच आहे, असेही म्हणता येईल. केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथेच आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांसाठी एक छोटा विभाग म्हणून ते सुरू झाले आणि पुढे खडकवासल्याला आले. नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती करून तिथे पाण्याचा अभ्यास होतो. पाण्यात तरंगती वस्तू सोडायची आणि ती कुठून कुठे गेली याची रेघ काढायची, ही प्रवाह ओळखण्याची जुनी रीत. तलावाच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिचे उद्घाटन जानेवारी १९५५ मध्ये झाले. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रात्रीच्या अंधारात आपण कुठे उभे आहोत ते शोधायचे, हे सैनिकाचे पहिल्या काही धड्यांपैकी एक. जीपीएस जन्मले तेही असल्याच लष्करी गरजेतून.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये या योजनेला मंजुरी दिली आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडला. उद्देश साधा होता : आपली जहाजे, विमाने आणि सैनिक कुठे आहेत ते अचूक कळावे. पुढे १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले, की ही यंत्रणा तयार झाली की नागरी वापरासाठीही खुली राहील. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. मात्र सामान्यांसाठीच्या संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. एवढ्या चुकीत गाडी सिंहगड रस्त्यावर आहे की शेजारच्या कालव्यात, हे कळणे कठीण. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळ बंद केली आणि चूक एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या साऱ्या व्यवसायाची सुरुवात त्या रात्रीपासून धरायला हरकत नाही.

आता ही यंत्रणा चालते कशी, ते पाहू. ‘उपग्रह वरून आपली गाडी बघतो’ असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. हे नभोवाणीच्या श्रोत्यांना समजावणे सोपे आहे. तुमचा रेडिओ केंद्राचा आवाज ऐकतो, पण तो तुम्ही कोणत्या गल्लीत बसून ऐकता, हे केंद्राला ठाऊक नसते. जीपीएसचे तसेच आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतात : मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत. गाडीतले यंत्र हे ऐकते. आवाज किती उशिरा पोहोचला त्यावरून उपग्रहाचे अंतर काढते, आणि चार उपग्रह ऐकू आले की स्वतःची जागा स्वतःच ठरवते. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. म्हणून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा तीनशे मीटरनी चुकते. त्यासाठी उपग्रहांत आणवी घड्याळे असतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ती वर थोडी पुढे धावतात, दिवसाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे सुमारे ३८ भाग. ही दुरुस्ती केली नाही, तर धरणाजवळ उभी असलेली गाडी दुसऱ्या दिवशी नकाशावर दहा किलोमीटर दूर दिसेल.

म्हणजे उपग्रह कोणावरही पाळत ठेवत नाही. तो फक्त बोलतो, आणि आपण ऐकतो. पाळत सुरू होते ती पुढच्या पायरीवर. त्या छोट्या यंत्रात मोबाइलचे सिमकार्डही असते. ऐकून काढलेली जागा ते दर काही सेकंदांनी दूरच्या संगणकाला कळवते. डोंगराआड मोबाइलचा संपर्क तुटला, तर नोंदी साठवून ठेवते आणि संपर्क आला की एकदम पाठवते. ऐकणे आकाशाकडून आहे, सांगणे माणसाने जोडलेले आहे. कोणाला सांगायचे, किती दिवस जपायचे, हे सिमकार्ड घालणारा ठरवतो. आजच्या सगळ्या वादाची गाठ या एका तारेत आहे.

व्यापाऱ्यांनी हे फार लवकर ओळखले. अमेरिकेत १९८८ मध्येच ‘ऑम्निट्रॅक्स’ नावाची यंत्रणा लांब पल्ल्याच्या ट्रकांवर बसू लागली. भारतात मोबाइलचे जाळे १९९५ नंतर पसरले, आणि सिमकार्ड व इंटरनेट स्वस्त झाल्यावर आपल्याकडचे वाहतूकदार या वाटेला लागले. आज ट्रकमालक घरबसल्या पाहतो : गाडी किती वेगाने चालली आहे, इंजिन चालू ठेवून किती वेळ उभी आहे, टाकीतले डिझेल एकदम कमी कसे झाले. नकाशावर एक कुंपण आखून ठेवायचे; गाडी त्याबाहेर गेली की फोन वाजतो. चोरी पकडली जाते, फेऱ्यांची आखणी नीट होते, गिऱ्हाईकाला ‘माल तासाभरात येतोय’ असे खात्रीने सांगता येते. मामूंच्या काळी हे मिळाले असते तर त्यांना हवेच होते.

आणि अण्णांना? या प्रश्नाची दुसरी बाजू पाहायला हवी. गोदामाच्या दारात ट्रक सहा-सहा तास माल उतरण्याची वाट पाहत उभा राहतो, त्या खोळंब्याचा पुरावा पूर्वी ड्रायव्हरकडे नसे. आता तो नोंदीत असतो. ‘तू उशीर केलास’ म्हणणाऱ्याला ड्रायव्हर तो दाखवू शकतो. पण नोंद पाहण्याची सोय बहुधा एकट्या मालकाकडे असते. एकाच कागदाने दोघांचा न्याय होऊ शकतो, फक्त तो दोघांच्या हाती पडायला हवा. टायर बसला होता हे अण्णांनी सांगितले आणि मामूंनी मानले. तो विश्वास यंत्राने मोडू नये, पक्का करावा.

हा प्रश्न नुसत्या नफ्यातोट्याचा नाही, हे पुण्याला नोव्हेंबर २००७ मध्ये कळले. एका बीपीओमध्ये काम करणारी तरुणी रात्रपाळीसाठी कंपनीने ठरवलेल्या कॅबने निघाली. ड्रायव्हर आणि त्याच्या साथीदाराने गाडी गहुंज्याच्या बाजूला नेली आणि अत्याचार करून तिचा खून केला. प्रवासात ती फोनवर मित्राशी बोलत होती. गाडी आडवाटेला का नेली, हे विचारत असतानाच फोन तुटला. तिच्या हातात फोन होता, पलीकडे ऐकणारे माणूस होते. गाडी कुठे आहे हे मात्र दोघांनाही सांगता येत नव्हते. त्या घटनेनंतर रात्रीच्या कॅबमध्ये रखवालदार, ड्रायव्हरची पोलीस तपासणी आणि गाडीचा माग हे विषय ऐरणीवर आले.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या बसमधील घटनेनंतर देशभर हीच मागणी झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. बस, टॅक्सी अशा सार्वजनिक प्रवासी वाहनांत जागा सांगणारे यंत्र आणि संकटात दाबायचे बटण असलेच पाहिजे, असे त्यात ठरले. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांना ते लागू झाले. रिक्षा आणि दुचाकी त्यातून वगळल्या. या यंत्राचे मानक ‘एआयएस १४०’ नावाने ओळखले जाते, आणि ते प्रसिद्ध करणारी संस्था म्हणजे पुण्यातच वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय. या यंत्राने भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ उपग्रहांचेही ऐकावे, अशी अपेक्षा आहे. इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात ही सात उपग्रहांची मालिका वर सोडली. पहिल्या पिढीतली अनेक आयात घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात प्रथमच भारतीय बनावटीचे आणवी घड्याळ बसवले गेले. दुसऱ्याच्या घड्याळावर आपला ठावठिकाणा अवलंबून असू नये, एवढा त्याचा सरळ अर्थ आहे.

पण यंत्र बसले म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असे समजणे भाबडेपणाचे आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी सकाळी स्वारगेट आगारातून एका एसटी चालकाने बस बाहेर काढली आणि शहरभर बेफाम पळवली. नऊ माणसे मेली, अनेक जखमी झाली. ती बस कुठे आहे हे सांगायला उपग्रहाची गरज नव्हती. सारे शहर तिला पाहत होते. ती थांबवायला शेवटी माणसांनाच तिच्यामागे धावावे लागले. जागा कळणे आणि मदत पोहोचणे यांत अंतर असते. बसमधले लाल बटण दाबल्यावर पलीकडे कोणीतरी जागे असेल आणि तिथून गाडी सुटेल, तरच त्या बटणाला अर्थ आहे. आपण यंत्र मोजतो, पलीकडची जागी माणसे मोजत नाही.

आता घरच्या गाडीकडे येतो. रविवारी सिंहगडावर आणि पानशेतकडे निघालेल्या मोटारींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मुलगा गाडी घेऊन गेल्यावर आईच्या जिवाची घालमेल समजेल. पावसात दरड येते, घाटात धुके असते, फोन लागत नाही. अशा वेळी नकाशावर सरकणारा ठिपका आईला झोप देतो. वडील दवाखान्यातून निघाले का, मुलीची बस कुठे आली, हे पाहण्यात गैर काही नाही. पण तोच ठिपका बायकोच्या गाडीत तिला न सांगता बसवला, तर ती काळजी राहत नाही. कमावत्या मुलीला ‘तू साडेसहाला तिथे का थांबली होतीस’ असे विचारले, तर ती सुरक्षितता राहत नाही. यंत्र तेच, नकाशा तोच. फरक एवढाच, की एकाला ठाऊक आहे आणि एकाला नाही.

न्यायालयांनाही हा फरक दिसला आहे. वॉशिंग्टनच्या पोलिसांनी एका संशयिताच्या पत्नीच्या नावावर असलेल्या जीपला, वॉरंटची मुदत संपल्यावर, असे यंत्र चिकटवले आणि २८ दिवस तिची हालचाल टिपली. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही झडतीच आहे, असे ठरवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने आणखी स्पष्ट निर्णय दिला. अमली पदार्थांच्या खटल्यातील एका परदेशी आरोपीने आपली जागा गूगलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्याला दिसेल असे करावे, ही जामिनाची अट खंडपीठाने रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या हालचालींवर सतत डोळा ठेवता येणार नाही, असे त्याचे सार. ज्या आरोपीला हे संरक्षण आहे, त्याहून कमी आपल्या ड्रायव्हरला आणि मुलीला असावे काय? २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण नोकरीच्या कारणासाठी आणि स्वतःचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला त्यात मालकाला संमतीची सक्ती नाही. म्हणजे कायदा जिथे थांबतो, तिथून पुढे आपली सभ्यताच लागते.

मग पाळत कोणावर असावी? माझे उत्तर सोपे आहे. जी गाडी लोकांच्या पैशावर चालते, तिचा पत्ता लोकांना दिसावा. खडकवासल्याची साखळी धरणे शहराची तहान भागवतात, आणि त्याच धरणाच्या वाटेवरच्या वस्त्या टँकरची वाट पाहतात. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. टँकर कुठे भरला, कुठे रिता झाला, कागदावरच्या फेऱ्या रस्त्यावर झाल्या का, हे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला पाहता आले पाहिजे. पीएमपीने २०२४ मध्ये बस कुठे आहे ते दाखवणारे ॲप आणले. थांब्यावर उभ्या माणसाचा हा हक्कच आहे. वाळूचा ट्रक, कचऱ्याची गाडी, रुग्णवाहिका, सगळ्यांना हेच लागू करावे.

आणि जी गाडी माणसाच्या खासगी आयुष्यातून जाते, तिचा पत्ता त्या माणसाला विचारून घ्यावा. यंत्र बसवताना गाडी चालवणाऱ्याला सांगावे. त्याच्या नोंदी त्यालाही दिसाव्यात. कामाची वेळ संपली की त्याच्या वाटा त्याच्याच राहाव्यात. जुन्या नोंदी गरज संपल्यावर पुसाव्यात. घरात मुले जाणती झाली की ठिपका चालू ठेवायचा का, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही.

खुशाली हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. खुशाली विचारतात आणि ज्याची विचारली तो ती कळवतो, अशी त्या शब्दाची रीत आहे. नकाशावरचा ठिपका गाडी कुठे आहे एवढेच सांगतो. आतला माणूस दमला आहे का, जेवला आहे का, घाबरला आहे का, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून मोटारीत यंत्र जरूर बसवा, आणि तरीही गाडी निघताना म्हणा, ‘पोचलात की कळवा.’